मुफलीस चांगुणाबाईच्या सोळा शेळ्या

माणूस गरीब आहे हे सरकारला पटवून द्यायला वकील लागतो, आणि वकील लावायला पैसे लागतात. या दोहोंच्या मधे मी चौतीस वर्षं तलाठी म्हणून उभा होतो. कानाला टाक, बगलेत दप्तर, आणि डोक्यात, आमच्या मामलेदारसाहेबांच्या मते, काही नाही.

हल्ली फीमाफी हवी, दाखला आणा. औषध फुकट हवं, दाखला आणा. लोकांना वाटतं ही कटकट नवी आहे. अहो, मुरबाडच्या डोंगराखाली माझ्याकडे पाच गावं होती तेव्हासुद्धा गरिबी कागदावर आल्याशिवाय खरी धरत नसत. ती कागदावर आणायचं काम माझं होतं. अडतीस-एकोणचाळीस साल असेल. लढाई अजून सुरू व्हायची होती आणि मी नोकरीत इतका नवा होतो की सही करताना नावाखाली दोन रेघा ओढत असे.

कोर्टात दावा लावायचा तर आधी सरकारला स्टँप भरावा लागे. ज्याची तेवढी ऐपत नसेल त्यानं ‘मी मुफलीस आहे’ असा अर्ज करायचा. मग चौकशी: अंगावरचे कपडे सोडून ह्याच्यापाशी काय काय आहे? स्टँपाइतकं निघालं तर विकून भर म्हणायचे. कमी निघालं तर निकाल लागेपर्यंत स्टँप माफ. चौकशीचा कागद कलेक्टरांकडून मामलेदारांकडे यायचा आणि मामलेदारांकडून माझ्याकडे. माझ्याखाली कोतवाल होता, पण त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणून कागद माझ्यापाशी थांबायचा.

आता ह्यातली गंमत बघा. ज्यानं जन्मात चार आणे शिल्लक टाकले नाहीत तो डोळे झाकून पास. जिनं पोटाला चिमटा घेऊन काही गाठीशी बांधलं ती नापास. ही गंमत मला आता कळते. तेव्हा मला एवढंच कळत होतं की कागद वेळेत परत गेला पाहिजे.

पहिला कागद आला तो जानू नावाच्या माणसाचा. मी त्याच्या घरी गेलो. घर अगदी स्वच्छ रिकामं. मडकी चार, घोंगडी एक. जानूनं रडवेल्या चेहऱ्यानं मला बसायला पाट दिला आणि चहा दिला. चहा असा झकास, दाट, वर साय आलेली, की मी दुसरा कप मागून घेतला आणि मिशीवरची साय पुसत अहवाल लिहिला: ‘जनावर नाही. अर्जदार निष्कांचन आहे.’

त्याच्या दोन दुभत्या म्हशी सासरवाडीला नेऊन बांधल्या होत्या. विरुद्ध बाजूनं त्या कोर्टापुढे सिद्ध केल्या. माझा अहवाल मामलेदारसाहेबांकडून परत आला, त्यावर तांबड्या शाईनं शेरा: ‘तलाठ्यांनी यापुढे चहाचेही निरीक्षण करावे.’

मुरबाडच्या कचेरीत हा शेरा शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ झाला. मी गेलो की कोणीतरी हटकून विचारायचं, “भाऊसाहेब, चहा घेणार? बिनदुधाचा आहे.” मी मनाशी ठरवलं, आता पुढचा मुफलीस येऊ दे. त्याच्या घरातली मुंगीसुद्धा मोजीन.

पुढचा मुफलीस आली ती चांगुणाबाई.

चांगुणाबाई माझ्याच मुक्कामाच्या गावातली. पन्नाशीची विधवा, अंगानं काटकुळी, आवाज मात्र डोंगराच्या पलीकडे जाईल असा. नवरा गेल्यावर सामाईक शेती धाकट्या दिराच्या, कमळूच्या हातात राहिली. कमळू पहिली दोन वर्षं तिला भात देत होता. तिसऱ्या वर्षी म्हणाला, “वयनी, यंदा पीक नाय.” चौथ्या वर्षी पीक आलं, पण तेव्हा कमळूला वयनी आठवली नाही. तिनं कल्याणच्या कोर्टात महिना सहा रुपयांच्या पोटगीचा दावा लावायचं ठरवलं. त्याला स्टँप लागत होता चौपन्न रुपयांचा. तो माफ झाला तर दावा, नाही तर काही नाही. बाईनं उरलेलं आयुष्य कमळूच्या आठवणशक्तीवर काढायचं.

मी तिच्या घरी मुद्दाम दिवे लागायच्या आधी गेलो, म्हणजे जनावरं परत आलेली असतात. एवढी अक्कल मला जानूच्या म्हशींनी शिकवली होती. चहा नाकारला. आणि गोठ्याच्या दाराशी उभा राहिलो तर काय, एकामागून एक बकऱ्या आत चालल्यात! काळ्या, तांबड्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या. मी बोटांवर मोजत होतो. सोळा! माझ्या अंगावर आनंदानं काटा आला.

“चांगुणाबाई, ह्या कोणाच्या?”

“माज्या नाय.”

“मग?”

“लोकांच्या. मी निसत्या चारतंय.”

“कोणते लोक?”

“त्ये नाय सांगायची.”

“नाव सांग. मी लिहून घेतो.”

“तुमी लिवनार, म्हनूनच नाय सांगायची.”

माझ्या मते ह्याच्यापुढे पुराव्याची गरजच नव्हती. माल हाताशी आहे आणि मालकाचं नाव सांगता येत नाही, म्हणजे मालक ती. मी तिथेच पंचनामा लिहायला बसलो. सोळा शेळ्या, म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेच्या भावानं दर शेळी चार रुपये, एकूण चौसष्ट. वर आणखी अक्कल पाजळली: ‘सर्व शेळ्या तरण्या व धडधाकट. प्रत्येकीच्या गळ्यात निरनिराळ्या रंगाच्या चिंध्या हौसेने बांधलेल्या, यावरून अर्जदाराची सुस्थिती दिसते.’

कोतवालाच्या हाती कागद मुरबाडला रवाना केला आणि घरी येऊन जेवताना बायकोला त्याची नक्कल वाचून दाखवली. आमच्या इंदिरेला माझं अक्षर आवडायचं. त्या दिवशी मात्र तिनं अक्षराकडे बघितलं नाही.

“सोळाच्या सोळा तिच्या नावावर लिहिल्यात?”

“सोळाच्या सोळा.”

“आणि कागद गेला?”

“केव्हाच. आता काय निजामपूरचा वकील आला तरी फिरत नाही.” निजामपूर कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. पण वाक्य भारदस्त वाटलं.

तिनं वाटी पुढे सरकवली. आमटीत मीठ नव्हतं. मी तक्रार केली नाही. विजयाच्या दिवशी माणसानं मोठ्या मनानं वागावं.

दुसऱ्या दिवसापासून गाव बिघडलं. पाटलीणबाईंकडून रोज येणारं ताक बंद झालं. परटीण कपडे ओलेच दारात टाकून जाऊ लागली. मास्तरांच्या बायकोनं मला रस्त्यात बघून पदर असा ओढला की जणू समोरून रेडा येतोय. न्हाव्याची यमुना, एरवी हसतमुख बाई, माझ्याकडे बघून विहिरीत थुंकायची तेवढी राहिली. मला वाटलं, कडक अधिकाऱ्याला असंच वागवतात. मी आणखी ताठ चालायला लागलो.

आठवड्यानं कोर्टाचं समन्स आलं. अहवालावर साक्ष द्यायला कल्याणला या. मी कोट झटकत होतो. इंदिरा दाराशी येऊन उभी राहिली.

“सोळातल्या दोन माझ्या आहेत.”

“काय दोन?”

“बकऱ्या.”

मी कोट खाली ठेवला. “आपल्याला बकऱ्या आहेत?”

“आपल्याला नाहीत. मला आहेत.”

तेव्हा मला, पाच गावांच्या जमिनीचा पोटहिस्सा तोंडपाठ असणाऱ्या माणसाला, माझ्या घराचा हिशेब पहिल्यांदा कळला. गावातल्या बायका घरखर्चातून आणा-दोन आणे वाचवायच्या. ते डब्यात ठेवले तर नवऱ्याला सापडतात. म्हणून रुपया-दोन रुपये जमले की चांगुणाबाईकडे द्यायचे. ती करडू घ्यायची आणि अर्धेलीनं चारायची. म्हणजे बकरी ज्या बाईची तिची, मेहनत चांगुणाबाईची, पुढे होतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. कुठली कोणाची हे ओळखायला ज्या-त्या बाईच्या लुगड्याची चिंधी बकरीच्या गळ्यात. सोळांतल्या दोनच चांगुणाबाईच्या स्वतःच्या होत्या, तिच्या वाटणीला आलेल्या. दोन इंदिरेच्या. बाकी बारा बारा बायकांच्या.

“निळ्या चौकटीची चिंधी बघितलीत ना? तुम्हीच आणलेलं लुगडं ते,” इंदिरा म्हणाली.

बघितली होती. सुस्थिती म्हणून लिहिली होती.

“आणि पैसे कुठून आणलेस?”

“भाऊबीजेचे. आणि थोडे तेलाचे.”

“म्हणजे आमटीला फोडणी—”

“तीन वर्षं तुम्हीच म्हणता आहात, पोटाला हलकी लागते.”

मी बसलो. “मग बाकीच्यांची नावं सांग! सगळं मिटतं.”

“ती मी सांगायची नाहीत. चांगुणामावशीनं सगळ्यांना देवीची आण दिली आहे, मालकिणीचं नाव दुसऱ्याच्या तोंडून निघायचं नाही. नवऱ्यांना कळलं तर म्हशाच्या जत्रेपर्यंत एक बकरी उरेल का?”

उरली नसती. मी नवऱ्यांना ओळखत होतो. त्यांतला एक तर फारच जवळून.

मी उन्हातान्हात चांगुणाबाईकडे धावत गेलो. ती डहाळ्या तोडत होती. म्हटलं, “बाई, सोळातल्या चौदा तुझ्या नाहीत हे मला कळलंय. नावं सांग, तुझा अर्ज मंजूर. नाही सांगितलीस तर दावा इथेच संपला. मग जन्मभर कमळूच्या दारात उभी राहशील.”

ती डहाळी तोडतच म्हणाली, “भाऊसाहेब, माजी पोटगी बुडंल ती माजी एकलीची. नावं सांगितली तं किती जनींचं बुडंल? तुमाला मोजाया येतंय, मोजा.”

मोजलं. परत आलो.

अहवाल मागे घ्यायचा तर मामलेदारसाहेबांपुढे उभं राहून सांगावं लागणार: साहेब, गेल्या खेपेला मला म्हशी दिसल्या नाहीत, ह्या खेपेला बायकोच्या बकऱ्या ओळखता आल्या नाहीत. नोकरी गेली नसती कदाचित, पण शेरा आला असता, आणि तो शेरा शिपायाला पाठ झाला असता. मी रात्रभर कुशी बदलल्या आणि सकाळी शूरपणे काहीच न करायचं ठरवलं. पण इंदिरेनं ठेवणीतला शेला काढून ठेवला होता.

“माझं नाव सांगायला मला कोणाची आण नाही. मी येते कल्याणला.”

“तलाठ्याची बायको कोर्टात? लोक काय म्हणतील?”

“ते तुमच्या चहाविषयी म्हणतात, त्याहून बरंच म्हणतील.”

मुरबाडपर्यंत बैलगाडी आणि पुढे मोटार. मोटारीत मी, इंदिरा, चांगुणाबाई, आणि मागच्या बाकावर कमळू आणि त्याची बायको बायजा. कमळूनं बायजाला साक्षीला आणलं होतं. बकऱ्या वयनीच्याच आहेत असं घरच्या बाईनं सांगितलं की काम फत्ते.  वाटेत चांगुणाबाईला मोटार लागली, आणि ओकताना बायजानंच तिचं डोकं धरलं.

कोर्टात मुन्सफसाहेब सावळे, शांत, डोळ्यांवर जाड काच. आधी चांगुणाबाईला विचारलं.

“शेळ्यांचे मालक कोण?”

“नाय सांगायची सायब.”

“तुम्ही इथे शपथ घेतली आहे.”

“व्हय. पन ती आत्ताची. दुसरी आदी घेतलीया.”

मग मी. अहवाल माझा, अक्षर माझं, मोजणी माझी, सगळं छाती काढून कबूल केलं. चांगुणाबाईच्या वकिलानं विचारलं, “शेळ्या अर्जदाराच्या, हे कशावरून?”

“तिच्या गोठ्यात होत्या.”

“तुमची छत्री आत्ता माझ्या टेबलावर आहे. ती माझी का?”

मी छत्रीकडे बघितलं. खरोखर तिथेच विसरलो होतो. 

मग इंदिरा उभी राहिली. शेला सावरला आणि स्पष्ट म्हणाली की निळ्या चिंधीच्या दोन शेळ्या माझ्या. मुन्सफसाहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

“तुमच्या पत्नी?”

“होय साहेब.”

“त्यांच्या शेळ्या तुम्ही अर्जदाराच्या नावावर लिहिल्यात?”

“होय साहेब.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही साहेब.”

“एकाच घरात राहता ना?”

कोर्टात हशा झाला. पट्टेवालाही हसला. मी पुष्कळ हशे ऐकले आहेत. त्यांतले बरेचसे माझ्यावरचेच. पण हा अजून कानात आहे.

साहेबांनी पेन्सिलीनं आकडे मांडले. सोळातून दोन गेल्या, चौदा राहिल्या. चार रुपयांनी छप्पन्न. स्टँप चौपन्न. “अजूनही ऐपत दिसते,” ते म्हणाले. “एका शेळीचा प्रश्न आहे.”

एका शेळीचा! मला एकदम उमाळा आला. मी जागेवरूनच म्हणालो, “साहेब, किंमत अंदाजानं धरली होती. दोन-तीन फार म्हाताऱ्या आहेत.”

कमळूच्या वकिलानं कागद वर केला. “‘सर्व शेळ्या तरण्या व धडधाकट.’ हे कोणाचं अक्षर?”

“माझं,” मी म्हणालो. त्या अक्षराचा मला इतका राग कधी आला नव्हता.

शेवटी बायजाला उभी केली. ठेंगणी बाई, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. वकिलानं तिला सोपं करून विचारलं, “सांगा बाई, गोठ्यातल्या शेळ्या चांगुणाच्याच ना?”

 बायजानं कमळूकडे बघितलं. कमळूनं मान डोलावली, बोल म्हणून. तिनं चांगुणाबाईकडे बघितलं. चांगुणाबाई मात्र खाली फरशीकडे बघत होती, एकदाही वर बघितलं नाही. डोळ्यानंसुद्धा आण मोडायची नाही अशी ती बाई.

“एक सोडून,” बायजा म्हणाली.

“काय?”

“काळी हाय, येका कानाची. ती माजी.”

कमळू ताडकन उठला. “तुजी? तुला बकरी कुटनं आली गो?”

“तुमच्या बंडीच्या खिशातनं,” बायजा म्हणाली. “गेल्या म्हशाच्या जत्रंला. तुमी पिऊन गाडीखाली पडल्याले तवा.”

पट्टेवाला ‘चूप, चूप’ करीत होता आणि स्वतःच हसत होता. साहेबांनी मात्र न हसता एक आकडा खोडला. तेरा शेळ्या, बावन्न रुपये. मुफलिसी मंजूर.

परत येताना कमळू मोटारीत ड्रायव्हरशेजारी बसला आणि बायजा आम्हा बायकांमध्ये. ‘आम्हा’ म्हणजे मीही त्यांतच, कारण पुरुषांच्या बाकावर मला जागा कोणी दिली नाही.

पुढे दावा फार चालला नाही. बायजा मुरबाडजवळ माहेरी जाऊन बसली आणि कमळूला पंधरा दिवस स्वतःची भाकरी स्वतः जाळावी लागली, तेव्हा त्यानं तडजोड केली. महिना पाच रुपये आणि वर्षाला दोन मण भात. चांगुणाबाईनं पहिल्या महिन्याचे पाच रुपये माझ्या देखत दोनदा मोजून घेतले, आणि बायजा दुसऱ्या दिवशी नांदायला आली.

पण सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही. कल्याणच्या कोर्टात एकदा बकऱ्यांना वाचा फुटल्यावर गावातले नवरे आपापल्या बायकांच्या जुन्या लुगड्यांकडे बघायला लागले. त्या पौषात म्हशाच्या जत्रेत तीन बकऱ्या गेल्या. दोघींनी रडारड करून अर्धे पैसे तरी मिळवले. यमुनेला काही मिळालं नाही. ती लेकीच्या बाळंतपणासाठी साठवत होती. नवऱ्यानं परत येताना तिला बांगड्या आणल्या, आणि त्याला वाटलं ती खूश होईल. मी एकदा तिला म्हणालो, “यमुनाबाई, माझ्यामुळे झालं.” ती म्हणाली, “व्हय, तुमच्यामुळंच झालं.” आणि घागर घेऊन निघून गेली. असं सरळ उत्तर मला कोणत्याच वरिष्ठानं दिलं नाही. शेरे दिले.

चांगुणाबाईचा गोठा रिकामा होईल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. मुन्सफापुढे शपथ घेऊनही जी बोलली नाही, तिच्याइतकी मजबूत तिजोरी कुठे मिळणार? आजूबाजूच्या गावांतल्या बायका करडं घेऊन यायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात गोठ्याला एक पडवी काढावी लागली.

आणि तेव्हाच माझ्याकडे कागद आला. तडजोडनाम्यात वकिलांनी घाईघाईत ‘स्टँपाचा खर्च वादीने सोसावा’ असं लिहून टाकलं होतं. निकालापर्यंत माफ असलेले चौपन्न रुपये आता सरकारला चांगुणाबाईकडून हवे होते. नाही दिले तर मालमत्ता जप्त करावी. जप्ती कोणी करावी? मी.

मी गेलो. दाराशी उभा राहिलो. बकऱ्या आत चालल्या होत्या. ह्या खेपेला मी बोटांवर मोजल्या नाहीत. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. चांगुणाबाईनं विचारलं, “काय लिवनार?” मी म्हणालो, “दिसेल ते.” आणि लिहिलं: ‘अर्जदाराच्या मालकीची जप्त करण्याजोगी मालमत्ता आढळली नाही.’ त्यातल्या दोन बकऱ्यांवर आणि तीन-चार करडांवर तिचा हक्क होता, हे मला माहीत होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत खोटं पुष्कळ लिहिलं, पण बाकीचं सगळं न कळून लिहिलं.

कागद घेऊन मुरबाडला निघालो तेव्हा इंदिरा म्हणाली, “साहेबांनी फार ताणलं तर त्यांना एक गोष्ट सांगा. त्यांच्या बाईसाहेबांची परवानगी आहे, मी विचारून ठेवलंय.” आणि ती गोष्ट सांगितली.

मामलेदारसाहेबांनी अहवाल वाचला. तांबड्या शाईची दौत पुढे ओढली.

“त्या बाईकडे पंचवीस बकऱ्या आहेत असं मी ऐकतो.”

“असतील साहेब.”

“आणि तुम्हाला एक दिसली नाही? काय हो, तुमच्या डोळ्यांवर सायच आली आहे का?”

“साहेब, बकऱ्या आहेत. पण तिच्या नाहीत, लोकांच्या आहेत.”

“कोणाच्या? नाव सांगा. एक तरी नाव सांगा!”

मी दाराकडे बघितलं. शिपाई बाहेर होता. आवाज खाली केला.

“एक पांढरी आहे साहेब. ती आपल्या बाईसाहेबांची.”

 साहेबांनी तांबडा टाक पुसून ठेवला, काळा घेतला, अहवालाखाली ‘पाहिले’ लिहून सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी नमस्कार करून निघालो. उंबऱ्यापर्यंत पोचलो असेन.

“अहो तलाठी.”

“साहेब?”

ते खिडकीबाहेर बघत होते.

“गाभण आहे का हो ती?”

“चांगुणाबाई म्हणते, दोन होतील,” मी म्हणालो.